पाव फेरा

ऑगस्टचा मंगळवार, वारा दक्षिणेचा,
मोंतेविदेओत तो थेट हाडांशी बोलतो.
ओंदिनाबाई डेक घेऊन आल्या,
टॉवेलात गुंडाळून, नुकत्याच न्हालेल्या पोरासारखा.
"चकती ओळखत नाही," म्हणाल्या.
"म्हणजे, कधी ओळखतो. हीटर तापला की."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं
आणि बाजूला ठेवलं. चूक तिथेच झाली.

झाकण काढलं. चार स्क्रू, पाचवा कुणीतरी हरवलेला.
आत धूळ, एक वाळलेली मुंगी,
आणि भिंग, तुरीच्या डाळीएवढं, निळसर.
चकती न घालताच चालू केलं.
अशा वेळी समोरून पाहायचं नाही, तिरकं पाहायचं,
उधारी थकलेलं गिऱ्हाईक दुकानाकडे पाहतं तसं.
फिकट लाल ठिपका.
फिकट दिसतो, कारण खरा उजेड डोळ्याला कळतच नाही,
आणि कळत नाही म्हणूनच तो जाळतो.

भिंग वर आलं, खाली गेलं.
वर आलं, खाली गेलं.
आणखी एकदा.
तीनदा शोधून यंत्र हात टेकतं
आणि पाटीवर लिहितं: चकती नाही.
असली तरी.
तीस वर्षं झाली या धंद्यात,
त्या तिसऱ्या खेपेला अजून माझा श्वास अडकतो.

पिकअपच्या कुशीत एक इवला स्क्रू असतो.
फिरवला की लेझरला करंट जास्त,
म्हातारा लेझर घडाघडा वाचू लागतो,
गिऱ्हाईक खूश, आपण कॉफीला मोकळे.
हा उजेड आणला कुठून, कुणी विचारत नाही.
पुढच्या वर्षांतून आणलेला असतो.

मी भिंगाखाली भिंग धरलं.
स्क्रूच्या कडेला दोन रेघा, हिरव्या नेलपॉलिशच्या:
एक कारखान्याची जागा, एक नंतरची,
मध्ये पाव फेरा.
ती बाटली माझी होती.
ग्लाडिसच्या लग्नासाठी घेतली, एकदाच लावली,
मग खुणांना वापरली.

दोन हजार दोन. बँकांना कुलपं,
दुकानाबाहेर रांग, नवं घ्यायला पैसे कुणाकडे?
मी तेव्हा मीटर लावत नसे.
कान लावत असे, आणि घाई.

आज लावला. पिकअपच्या पोटावर
कारखान्याने आकडा छापलेला: चव्वेचाळीस.
मीटर म्हणाला एकसष्ट.

"मागे तुम्हीच केला होता ना?" ओंदिनाबाई.
"हो."
"छान चालला हं. बावीस वर्षं."

मी मान खाली घातली, आणि मान खाली होती म्हणूनच
तो रूळ दिसला, ज्यावरून पिकअप सरकतो.
ग्रीस. मधासारखं असायला हवं,
त्याचा डिंक झालेला.
थंडीत घट्ट, हीटर तापला की सैल.
लेझरला काहीच झालं नव्हतं.
बहुधा तेव्हाही नव्हतं.

काडीला कापूस, स्पिरिट, मग नवं ग्रीस, मुगाएवढं.
ऑसिलोस्कोप जोडला.
पडद्यावर शंकरपाळ्यांची ओळ उमटली;
आमच्या धंद्यात तिला डोळा म्हणतात.
मग स्क्रू उलटा. केसभर, थांबायचं. केसभर, थांबायचं.
अर्ध्यावर आले, डोळा नितळ.
हिरव्या रेघेपाशी आले, वाटलं, मिटणार.
थरथरला. मिटला नाही.
रेघेच्या किंचित अलीकडे ठेवला,
इतक्या वर्षांचं व्याज, तेवढंच.

नवी खूण करायला बाटली शोधली. वाळून खडा झालेली.
पेन्सिलीने केली.
पैसे फक्त ग्रीसचे घेतले.
"एवढेच?" बाई म्हणाल्या. मला सांगायचं होतं,
पण थर्मासमधलं पाणी निवत होतं, आणि त्यांनी तोवर
पर्समधून चकती काढली होती:
पोर्तुगीज शिका, पाठ सातवा.

भिंग वर आलं. एकदाच.
आतला माणूस विचारू लागला, बेकरी कुठे आहे?
ओंदिनाबाईंनी उत्तर दिलं,
मोठ्याने, हात लांब करून,
साफ चुकीचं.