रंग बरोबर आहे

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी कौनासची नगरपालिका ठरवते
की आता आपल्याला थंडी वाजते.
मग भिंतीतले पाइप खोकतात, कुरकुरतात,
आणि शिलाइनियाइच्या नऊही मजल्यांवर
एकदमच ऊब चढू लागते,
हवी असो, नसो.
माझ्या रेडिएटरला चावी नाही.
आधीच्या भाडेकरूंनी रंगाचे इतके हात दिलेत
की असलीच तर ती आत कुठेतरी पुरली गेली आहे.

मी टोमॅटो लाल करते.
हा माझा धंदा. सुपरमार्केटच्या दर आठवड्याच्या पत्रकात
हॅम गुलाबी, बीट गडद,
स्ट्रॉबेरी अशी की तोंडाला पाणी सुटावं.
पडद्यावर एक बोटभर पट्टी,
उजवीकडे सरकवली की पिकतं सगळं.
आणि अकराच्या सुमाराला
माझेही गाल कुणीतरी उजवीकडे सरकवतं.

आधी नाकाच्या कडेला मुंगी चालल्यासारखं.
मग कान सोडून सगळं पेटतं.
दुखत नाही म्हणावं तर खोटं,
दुखतं म्हणावं तर बोट कुठे ठेवू?

नाव माझं स्काइस्ते. आमच्या भाषेत लख्ख, उजळ,
आणि ताणलं तर रसरशीत गालांची, असाही अर्थ निघतो.
आईला काय ठाऊक!
तळमजल्यावरचे झिग्मास म्हणतात, वा, काय तब्येत,
स्कीइंगला गेली होतीस?
लिफ्टमधली बाई काही म्हणत नाही,
नुसता श्वास ओढून बघते,
सकाळी सकाळी घेतलीय का मी.

रोझेशिया, म्हणाल्या डॉक्टर ग्रिगाइतिएने,
जाणार नाही, पण ओळख वाढवा. वही ठेवा.

सोमवार. सूप गरम. खिडकी बंद. तीन तास न उठता.
बुधवार. सूप गार. खिडकी उघडी. तरीही.
गुरुवार. फाइल हरवली, मग सापडली.
(असलं लिहायचं असतं का?)
शनिवार. काम नाही. गाल गप्प.

वहीतून निघालं ते एवढंच:
मॉनिटर हातभर मागे, उजेड निम्मा,
डोक्यावरचा दिवा काढून कोपऱ्यात,
रेडिएटरवर ओला टॉवेल, शेजारी पाण्याचं पातेलं,
कीबोर्डच्या डाव्या अंगाला वीतभर पंखा,
त्याचं तोंड मनगटांकडे.
सकाळी वाटाण्याएवढं मलम,
वरून हिरवट क्रीम.
लालाला हिरवा मारतो, हे मी कधीच शिकले होते,
मांसाच्या फोटोंसाठी.

शुक्रवारच्या बैठकीत माझा कॅमेरा बंद असतो.
त्या दिवशी नवे साहेब म्हणाले, चेहरे बघू या सगळ्यांचे.
चौदा चौकोन. तेरा पिठासारखे,
आणि एक मी.
क्लाइपेडाहून तौत्रीमास बोलला, अगदी चांगल्या मनाने,
स्काइस्ते, तुझ्या कॅमेऱ्याचा रंग बिघडलाय बहुतेक,
लाल जरा कमी कर.

पंख्याच्या वाऱ्याने पातेल्यातलं पाणी थरथरत होतं.
अठरा वर्षं मी पोट भरते ते ह्याच्यावर,
कुठला रंग मुळातला, कुठला चढवलेला.
म्हटलं, नाही. हा बरोबर आहे.
टोमॅटोंचा चुकलाय. तो कमी करते.

साहेब म्हणाले, टोमॅटो राहू देत तसेच.
बरं, म्हटलं.

मग बाल्कनीचं दार उघडून उंबऱ्यावर उभी राहिले.
बाहेर उणे सहा, आत चोवीस.
पाऊल पुढे टाकलं तर थंडी चावते,
मागे घेतलं तर पाइप.
मधल्या लाकडी पट्टीइतक्या जागेत
हवा मात्र बरी असते.
चारेक मिनिटं मिळाली.
खालून झिग्मास ओरडले,
ऊब बाहेर घालवतेस, बिल कोण भरणार?
मी, म्हटलं, मीच भरते.

वहीत लिहिलं: शुक्रवार. बैठक. दार उघडं.
गालांचा रकाना तेवढा कोरा राहिला.
आरसा आत होता,
आणि मला इतक्यात आत जायचं नव्हतं.