सनबोर्डवरची मंदा

मंदे, तू आता बारा बाय अठराची झालीस,
सनबोर्डवर चिकटवलेली, चारशे ऐंशी रुपयांत.
राम मारुती रोडवरच्या स्टुडिओवाल्यानं विचारलं,
"फ्रेम काळी की सोनेरी? खाली तारीख टाकायची ना?"
म्हटलं, तारीख नको. फ्रेमही नको. बाई जिवंत आहे.
एडमंटनला असते. कानाच्या ऑपरेशननंतर
डॉक्टरांनी विमान बंद केलंय.
"बरं," म्हणाला, आणि घाईघाईनं
तुझ्या गालावरचा एक बुडबुडा अंगठ्यानं बसवला.

यादी तूच पाठवलेली, तुझ्या मुंग्यांच्या अक्षरात.
पहिलं, तलावपाळी. होड्यांच्या बाजूचा कठडा.
टेकवलं तुला, तर वारा आला आणि
तू तोंडावर पडलीस.
दहावीतही इथंच पडली होतीस, सायकलसकट,
आणि घरी माझं नाव सांगितलंस.
एक शेंगदाणेवाला धावला. उचलून
आपल्या सदऱ्याला पुसलं तुला.
"कधी गेल्या?" हळूच विचारलं.
"शहाऐंशी साली," मी म्हटलं. खरं तेच.
त्यानं हात जोडले.

जांभळी नाक्यावर हारवाल्या बाईनं विचारलंही नाही.
शेवंतीचा हार पुढं केला, "मापाचा आहे बघा."
नको म्हणताना माझाच आवाज चढला.
मग कसंसंच वाटलं, एक वेणी घेतली, स्वतःच माळली.
त्या फोटोत तुझ्या हनुवटीवर माझी सावली पडलीय,
अंबाड्यासकट.

चरईतली पिठाची गिरणी आता मोबाइलची कव्हरं विकते.
दुकानातल्या पोराला म्हटलं, धर रे जरा.
त्यानं तुला दोन्ही हातांनी छातीशी धरलं
आणि कुणी न सांगता हसला.
तुझ्यासारखीच खळी, डावीकडे.
हा फोटो तुला पाठवायचा की नाही
माझं अजून ठरत नाही.

चेंदणीत मात्र कुणी गेल्या-बिल्या विचारलं नाही.
टोपलीमागून म्हातारी सोनूबाई उठली, चष्मा वर केला,
"ही टिपणिसांची ना? पिकली की गो.
हिच्या आयशीकडं माजे सवा रुपये हायत."
मी पर्स उघडली तर हातावर चापट बसली.
"तुज्याकडनं नको. ती येल तवा देल."
आणि तुझ्याकडे बघत राहिली, सुकटीच्या वासात,
तू बोलशील म्हणून.

खारकर आळीत तुमच्या तीन मजल्यांवर
आता बावीस उभे आहेत.
वॉचमननं वही सरकवली. माझं नाव, वेळ, फोन.
मग तुझ्याकडे बोट, "ह्यांची पण एन्ट्री लागेल."
मंदाकिनी टिपणीस, असं लिहिलं मी. कोणाकडे?
म्हटलं, दुसरा मजला.
"दुसऱ्याला पार्किंग आहे, मॅडम."
असू दे म्हटलं. सोडलं त्यानं, दहा मिनिटांसाठी.

तुमची खिडकी कुठं असेल याचा अंदाज घेत
मी दोन गाड्यांमध्ये उभी. पेट्रोलचा वास.
जाळीपलीकडे गुप्त्यांचा नारळ नाही,
शेजारच्या बिल्डिंगची टाकी आहे, तिच्यावर
एक कावळा पाय बदलत बसलेला.
तू लिहिलं होतंस, माझा नको,
मला दिसायचं त्याचा काढ.
म्हणून तुझं तोंड बाहेर केलं,
आणि मागून काढला.
फोटोत तू पांढरी पाठ आहेस,
कोपऱ्यात स्टुडिओचा शिक्का,
आणि पुढं टाकी.
कावळा नेमका उडाला.

रिक्षात तुला मांडीवर घेतलं. रिक्षावाल्यानं
आरशातून पाहिलं आणि गाणं बंद केलं.
मी म्हटलं, लावा हो.

यादीतलं सातवं राहिलं, कळव्याची खाडी, ओहोटीला.
पाणी कधी उतरतं ते बघून कळवते.
तोवर स्वयंपाकघरात उभी राहा,
तांदळाच्या डब्याला टेकून.
भिंतीवर खिळा आहे, रिकामा.
त्यावर मी गाळणं अडकवलंय.