श्वास धरा, हलू नका

मे महिन्यातल्या शनिवारी मी हेंडरसनच्या पार्कात गेले
ती काही पक्षी बघायला नव्हे.
घरी डिशवॉशर दुरुस्त करायला माणूस आला होता,
आणि कुणी काम करत असताना
त्याच्या पाठीशी उभं राहणं मला जमत नाही.
नवऱ्याला बसवलं, पूल ओलांडला.
खाली ओहायो, दूध जास्त पडलेल्या चहासारखी.

फाटकाशी डेल्फीन टॅकेट. हिरवं जाकीट, वय सत्तरच्या पुढे,
दुर्बीण गळ्यात जन्मापासूनची वाटावी अशी.
पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्याकडे बघतात
तसं माझ्याकडे बघून म्हणाली,
"अकरा वाजले. आता सगळे गप्प.
आधी चित्रं बघून ये."

चित्रं खऱ्या मापाची.
बगळ्याची मान कागदात मावेना
म्हणून त्याला वाकवून पाण्याशी नेलेला.
बाजूला काचेखाली एक फळी, चौकटी आखलेली,
आणि तारा.
एक चोचीतून, एक पंखाखालून,
मेलेल्याला उडतं ठेवायला.

मी एव्हान्सव्हिलच्या इस्पितळात एक्स-रे काढते.
हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास धरा. हलू नका.
दिवसाला चाळीसेक माणसं
मी तारेवाचून अशी मांडते, आणि सोडते.
एकदा "सोडा" म्हणायचं राहिलं.
हार्लन नावाचे शेतकरी आजोबा
लालबुंद होत, शिस्तीत, धरून उभे होते.
अजून आठवलं की हसू येतं.
पुरतं येत नाही.

शेवटच्या भिंतीवर पोपट.
पोपट? केंटकीत?
अंग हिरवं, डोकं हळदीत बुडवलेलं, कपाळाला शेंदूर,
गोखरूच्या झाडावर दाटीवाटीनं बसलेले.
गोखरू मी लगेच ओळखलं,
शाळेच्या स्कर्टला चिकटून घरापर्यंत यायचं ते.
पोपट ओळखीचे वाटले, पण नव्हते.
खाली पाटी: आता एकही उरलेला नाही.
एक पडला की बाकीचे पळून जात नसत,
घिरट्या घालत त्याच्यापाशीच परत येत,
त्यामुळे सोपं गेलं.

त्यामुळे सोपं गेलं.
हे मी दोनदा वाचलं,
पडद्यावर फुप्फुसात काही दिसलं की बघते तसं,
चेहऱ्यावर काही येऊ न देता.

बाहेर डेल्फीन तळ्याकाठी, बाकावर.
काय पाहिलंस, विचारलं नाही.
अर्धं सँडविच दिलं, जादा दुर्बीण दिली,
पट्ट्याला खोकल्याच्या औषधाचा वास.
मी चक्र फिरवत राहिले. पानं. धूसर पानं. माझ्याच पापण्या.
मग वाळक्या फांदीवर
"खंड्या!"
मी मोठ्यानं, मराठीत.

आमच्याकडचा नव्हे. हा राखी निळा,
शेंडी झोपेतून उठवल्यासारखी पिंजारलेली,
आवाज कुणी किल्ल्यांचा जुडगा हलवावा तसा.
पण बैठक तीच,
पाण्याकडे बघणंही तेच,
थकलेली उधारी मागायला आलेल्या वाण्यासारखं.

"कॅन-ड्या," डेल्फीननं जिभेवर घोळवून बघितलं.
वही पुढे केली. तारीख, वेळ, नाव, संख्या.
"तुझ्या अक्षरात लिही."
"कुणाला वाचता येणार?"
"माझं अक्षर तरी कुणाला येतंय."

मी लिहिलं. ख, अनुस्वार, ड ला य जोडून काना.
कितीतरी दिवसांनी हातानं मराठी लिहिलं,
ड्या जरा वाकडा झाला.
संख्या: एक.
खिशात फोन थरथरला: झालंय, पण एक भाग मागवावा लागेल,
दोनशे दहा डॉलर, काय सांगू?
तसाच ठेवला.

खंड्या फांदीवर. मान किंचित खाली.
पाणी सपाट.
कोपरावर डेल्फीनचा हात आला तेव्हा कळलं
मी किती वेळ अशी आहे ते.
"श्वास घे गं," ती म्हणाली,
"तो काही इतक्यात जात नाही."

आणि तो गेला.