रकसॅक

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घासाघीस करून घेतली,
साडेसातशेला. लष्करी. हिरवी.
विकणारा म्हणाला, सियाचीनला जाऊन आलीय.
आली असेल.
सत्तरीला आली नव्हती.

सुर्ल्याचा चढ लागला तसे
तिनं खांद्यांत दात रोवले.
कमरेला पट्टाच नाही, सगळं मानेवर.

तोंड एकच, तेही वर.
जळवांसाठी मीठ हवं, तर मीठ तळाशी;
त्यावर ताडपत्री, पाव, सुक्या बांगड्यांची पुडी.
सगळं पाचोळ्यावर मांडेपर्यंत
जळू पोट भरून आपणच गळून पडली.

म्हादई ओलांडताना एकदा बुडाली,
तेव्हापासून चार किलो नदी पाठीवर वाहतोय.
आणि ते बकल, पावलागणिक वाजणारं!
आम्ही बेडूक मोजायला आलोय.
बेडूक गप्प.

पुढे वाटाड्या, विश्राम गावस,
खताच्या गोणीला दोन सुंभ बांधून चाललाय हलका.
मागं न बघता विचारतो,
"लढाईत ह्यातलं काही घाईनं लागत नसेल का रे?"

झाकणाच्या आत शाईनं एक नंबर,
पुढे नाव, अर्धं विरलेलं: ...राम सिं...
त्याला ठाऊक असेल.
मी पट्टा आवळतो. सुटतो.
पुन्हा आवळतो.