दोन हेडं, बाकावर

एमआयडीसीत दुपारी पत्रा वाजतो उन्हानं,
टण्णकन, मधूनच, कुणी हाक मारल्यासारखा.
बाकावर दोन हेडं: एक बिडाचं, एक अ‍ॅल्युमिनियमचं.
त्यांच्या जोड्या खाली, गोणपाटात.
बिडाचं मी आता एकट्यानं उचलत नाही.
दुसरं रजिता काखेत मारून आणते
शाळेचं दप्तर आणावं तसं.

गिऱ्हाईक देवगडचं. तारी.
टेम्पोत आठ सिलिंडरचं धूड, वर ताडपत्री,
रात्रभर घाट चढून आलेलं.
कोल्हापुरात तिघांनी हात जोडले म्हणाला,
चौथ्यानं माझं नाव सांगितलं:
क्यातम, अक्कलकोट रोड, व्हॉल्व्ह कानानं बसवतो.
खोटं आहे. डोळ्यानं बसवतो, निळा लावून.

"मोठ्या तोंडाचा व्हया माका," तारी म्हणतो,
"हवा ढसाढसा आत गेली पायजे. शर्यत आसा."

मी नळीच्या तोंडावर अंगठा दाबून दाखवतो.
पाणी दारापर्यंत जातं, कुत्रं उठून बसतं.
अंगठा काढला की पायाशीच पडतं.
हवेचंबी तसंच, मालक.
तोंड वाढवलं की ती रेंगाळती,
पार वरच्या फेऱ्यांवर तेवढी धावती.
मोटारीला तुळजापूरचा घाट उतरताना पाय सोडता येतो,
बोटीला उतारच नाही.
तुमचं पाणी दिसायला सपाट;
इंजिनाला विचारा, निसता चढ हाय.

तो हसत नाही. बिडाच्या हेडाकडं बघतो,
पाहुण्यांत नको असलेल्या माणसाकडं बघावं तसं.
चाळीस किलो जास्त. तेही मागच्या बाजूला.

मग काच ठेवून खोलगटी मोजल्या.
स्पिरिटमध्ये चिमूटभर लाल,
शेजारच्या डाइंगमधून आणलेला, चादरीचा.
ब्युरेटमधून थेंब थेंब:
चौसष्ट. चौसष्ट. त्रेसष्ट आणि थोडं.
बिडाची भरली बहात्तर.
अ‍ॅल्युमिनियम उष्णता झटकतं, जास्त दाब सोसतं,
हलकं आहे, देखणं आहे,
खरं सांगायचं तर माझाही जीव त्याच्यावरच होता.

"जुनं कुठंय?" मी विचारलं.
त्यानं टेम्पोतून काढलं, जरा लाजतच.
तेही अ‍ॅल्युमिनियमचंच.
पाण्याच्या वाटा कडेनं खाल्लेल्या,
भाकरीचा कडा उंदरानं कुरतडावा तशा,
आणि आत पांढरी पूड.
मी बोट फिरवलं, जिभेला लावलं.

पंचावन्न वर्षांत मी समुद्र बघितलेला नाही.
उजनीचं पाणी बघितलंय, ते गोडं.
हा पहिला.
एवढ्या लांबून आला तो असा,
चिमूटभर, गॅस्केटच्या कडेला चिकटून.

"गार करायला पाणी थेट दर्याचं घेता?"
"थेट."
"मध्ये कूलर बसवा. गोडं पाणी आतल्या आत फिरू दे."
"पैशे हेडातच संपले."

मग काय बोलायचं.
रजितानं डबा उघडला, कडक भाकरी, शेंगाची चटणी.
तारी तीन भाकऱ्या जेवला, एक शब्द न बोलता,
हात धुतला, आणि ओल्या हातानंच
बिडावर थाप मारली.
"ह्यो फुटात?"
"तापवून मारलं तर. गंज चढंल,
पण तुम्हाला घरी आणून सोडंल."
"शर्यत?"
मी गप्प बसलो.
मधल्या मापाचं तोंड, कडक सीटा,
एक्झॉस्टला चांगल्या धातूचे व्हॉल्व्ह,
एवढं माझ्या हातात.
पहिला नंबर माझ्या हातात नाही.

तो बराच वेळ उन्हात उभा राहिला.
"बीड घाला," म्हणाला, टेम्पोकडं तोंड करून.

कार्ड रजिता भरते. अक्षर चांगलं आहे तिचं.
गाडी नंबर?
"टिटवी," तारी म्हणाला.
तिनं तसंच लिहिलं.
किती किलोमीटर झाली?
"किलोमीटर नसतत गो. तास."
ती पेन धरून थांबली.
मग किलोमीटर खोडून वर लिहिलं: तास.
आणि आकडा विचारला.