तळघरातलं कासव

व्हर्लिननं ते आणलं
शिशाच्या खाणीवरून दुसरी पाळी संपवून येताना,
रस्त्यातून उचलून, जेवणाच्या डब्यात घालून.
डब्यात डबा.
आतल्यानं आपलं झाकण घट्ट लावून घेतलेलं.
दिव्याखाली धरलं तर काळपट पाठीवर
पिवळे फराटे,
मक्याच्या पिठाची बोटं कुणी घाईत पुसावीत तसे.

मग एकोणीस वर्षं तळघरात.
गुरांची पाण्याची पत्र्याची टाकी, चार बोटं माती,
वर साधा बल्ब, शेजारी धडधडणारं वॉशिंग मशीन.
नाव सार्जंट.
पुढे डॉक्टरीणबाईंनी उलटं करून पाहिलं
नि म्हणाल्या, ही तर मादी आहे.
नाव तेच राहिलं.

रंग नेमका कधी गेला, सांगता येणार नाही.
जे रोज दिसतं ते कुठे दिसतं?
रोझलिनच्या सातव्या वाढदिवसाचा फोटो सापडला,
केकशेजारी सार्जंट, पाठीवर उजेडाच्या चिरफळ्या.
तो घेऊन मी जिना उतरले.
टाकीत ओल्या पुठ्ठ्याच्या रंगाचं काहीतरी
स्ट्रॉबेरी चघळत होतं.

व्हर्लिनचंही तसंच.
मिसूरीच्या हिवाळ्यात अंधारात जायचा, अंधारात यायचा,
मधले तास नऊशे फूट खाली.
रविवारी चर्चच्या बाकावर
त्याचा हात माझ्या हातात मेणासारखा.
मी म्हणायचे, जरा ऊन खात जा.
तो म्हणायचा, पेन्शन मिळाली की पोटभर.

पेन्शन मिळाली. अकरा महिने खाल्ली.

ऊन म्हणजे चोर, हेच मी मानत आले होते.
पडदे विटले ते उन्हानं,
आईची रजई दोरीवर विटली,
ट्रकचा लाल रंग दारात उभ्या उभ्या गुलाबी झाला.
पलीकडचा क्लिटस ब्रॅनम कुंपणावरून म्हणाला,
बाहेर ठेवू नकोस, माझी तिन्ही खडीवर ठेवली होती,
हाडासारखी पांढरी पडली.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऊन असेल, खाणं असेल, वय असेल,
मी छातीठोक सांगणार नाही.
फक्त सावली ठेवा,
तिला हवी तेव्हा जाता येईल अशी.

मे महिन्यात सार्जंटला परसात ठेवलं,
ब्लॅकबेरीच्या जाळीपाशी.
पहिल्या दिवशी चार तास दार बंद.
मी भांडी घासली, पुन्हा पाहिलं, बंद.
दुसऱ्या दिवशी एक फट.
आठवड्यानं मान बाहेर, मागचे पाय ताणलेले,
डोळे मिटून ती ऊन खात होती,
उपाशी माणूस खातो तसं नव्हे,
चव आठवत आठवत.

दुसरा उन्हाळा गेला. काही नाही.
तिसऱ्या उन्हाळ्यात, पावसानंतर पुसताना,
खवल्यांच्या सांध्यांत दिसली
नखाच्या कडेएवढी पिवळी रेघ.
जिथे नवी वाढ, तिथेच.
जुनं होतं तसं विटलेलं;
तळघर पाठीवर जागच्या जागी,
एकोणीस वर्षांची वलयं अंगठ्याला लागतात.

ऊन असेल. गांडुळं असतील.
बल्बखाली ती मरेपर्यंत तशीच राहिली असती का,
तेही मला ठाऊक नाही.
टाकी आता उलटी पडली आहे, तिच्याखाली मांजर व्याली.

आज सकाळी सार्जंट अर्धी उन्हात, अर्धी पाल्यात.
मी खुर्ची तिथंच ओढली,
बाह्या कोपरापर्यंत सारल्या.
कुंपणापलीकडे क्लिटस गवत कापत होता.
त्याला रेघेबद्दल अजून सांगितलेलं नाही.
येईल, वाकून बघेल,
आणि म्हणेल, धूळ आहे.