निळी शाई

फोटो काळापांढराच, तरी रंगीत स्कॅन केला.
डागाला रंग असतो, रशीदचाचा शिकवायचे,
माणसांचा आधी उडतो.

सेलूची शाळा, खो-खोचा संघ.
नऊ पोरी, अठरा रिबिनी, एक ढाल.
डावीकडून चहाचा ओघळ आलेला;
पिवळा उजवीकडे सरकवला,
ओघळ भिंतीत मुरला.
राहिलं एका पोरीभोवतीचं पेनाचं कडं.
निळा सरकवला.
कडंही गेलं.
आता सगळ्या सारख्याच उजेडात,
उन्हानं डोळे बारीक केलेल्या.

लोचनाबाई जिंतूरच्या गाडीआधी आल्या.
चष्मा काढला, पदरानं पुसला, घातला.
बोट मागच्या रांगेवरून फिरलं,
पुढच्या,
पुन्हा मागच्या.

"लई बेस केलाव वो.
पर ह्यातली आमची गोकर्णा कोन्ती?
ती गेली तवा मी पाळण्यात.
मायनं गोल केलता."

मी खुर्ची पुढं ओढली.
निळा हळूहळू मागं आणला.
शाई काही परतली नाही,
राखेएवढी एक रेघ उमटली,
हनुवटीखालून, रिबिनीवरून.

"बस. एवढंच ऱ्हाऊ द्या."

पावतीवर लिहिलं:
डाग काढले,
एक सोडून.